चित्रकार-लेखक शाळेत येणार, तयारी काय करू?

प्रश्न : आमच्या प्राथमिक शाळेत एक बालसाहित्यिक-चित्रकार येणार आहेत. साडेतीनशे मुलं मैदानात बसवावीत का?

उत्तर : नको, बाई! मागच्या रांगेला कागदावर फिरणारा हात दिसत नाही, आणि पाहायचा तर तोच असतो. एका वेळी एकच वर्ग बसवा. पाहुण्यांची पुस्तकं आठवडाभर आधी वाचून दाखवा. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मध्ये शब्द आणि चित्रं एकाच हातची आहेत, अशा पुस्तकात शब्दांनी न सांगितलेलं चित्रात काय सापडतं, ते मुलांना शोधू द्या. मग पाहुण्यांना विचारायचे प्रश्न पाठ करून घ्यावे लागत नाहीत. मोठे कागद, जाड मार्कर ठेवा. दीपप्रज्वलन, हारतुरे पाच मिनिटांत उरका. मानधनाचं मात्र (नुसत्या शाल-श्रीफळावर भागवू नका) आधीच बोलून घ्या.