घरातील कोळी : भीती आणि दक्षता

आषाढ-श्रावणात मूर्तिजापूर तालुक्यातील काळ्या जमिनीत पाणी साचू लागले, की शेतातील व परसातील कीटक कोरड्या जागेच्या शोधात घरात शिरतात. सरपणासाठी भिंतीलगत रचलेल्या पऱ्हाट्या, गोवऱ्यांचा ढीग, जुन्या विटा ही त्यांची आश्रयस्थाने. त्यांच्या मागोमाग कोळी येतो. रात्री दिवा लावताच भिंतीवर पंजाएवढा, चपटा, करडा कोळी दिसला म्हणजे घरात एकच धावपळ उडते आणि पहिला हात केरसुणीकडे जातो.

वस्तुतः हा कोळी जाळे विणीत नाही; तो झुरळांची शिकार करतो. मादी पोटाखाली जी पांढरी, चपटी पिशवी धरून हिंडते, ती अंड्यांची असते, विषाची नव्हे. विष बहुतेक सर्वच कोळ्यांना असते. परंतु ते भक्ष्याला निश्चेष्ट करण्यापुरते. माणसाला गंभीर इजा करू शकणाऱ्या मोजक्या प्रकारांपैकी काही भारतातही आढळले आहेत. म्हणून कोणताही कोळी उघड्या हाताने धरू नये. रुंद तोंडाचा डबा त्याच्यावर उपडा घालावा, खालून पुठ्ठा सरकवावा आणि त्याला घरापासून दूर सोडून द्यावे. वऱ्हाडात या प्राण्याचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. मूर्तिजापूरच्या उत्तरेस असलेल्या दर्यापूरच्या जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनी मेळघाटातील कोळ्यांवर संशोधन केले आहे.

कोळ्यावर येणारा आळ पुष्कळदा दुसऱ्याच्या वाट्याचा असतो. पावसाळ्यात सकाळी मानेवर जळजळणारा लाल पट्टा उठतो, तो बहुधा दिव्याकडे येणाऱ्या नारिंगी-काळ्या लहान भुंग्यामुळे. तो अंगावर चिरडला गेला की त्याच्यातील द्रवाने कातडी भाजते. साबणाच्या पाण्याने ती जागा धुणे हा पहिला उपाय होय.

खरा धोका मात्र याहून निराळा आहे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावल्यास वेदना जवळजवळ होत नाही, खूणही दिसेलच असे नाही. “कोळीबिळी चावला असेल” असे म्हणून घरचे पुन्हा झोपी जातात. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि तोवर मोलाचा वेळ गेलेला असतो. लाल विंचवाच्या दंशाने घाम, वांती, हातपाय थंड पडणे ही लक्षणे दिसू लागली, तर विषाचा परिणाम हृदयावर होत आहे असे समजावे. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात अशा रुग्णांवर प्राझोसिन हे औषध वापरून पाहिले. त्यांचे निष्कर्ष १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि या दंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे आहे, हे वेगळे सांगावयास नकोच.

तेव्हा काय चावले हे ठाऊक नसेल, तर ‘कोळी’ असा निवाडा घरी करू नये. जखम कापणे, रक्त शोषणे, चुना लावणे, दोरीने करकचून आवळणे या गोष्टी टाळाव्यात. अंगठ्या व बांगड्या काढाव्यात, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णास मूर्तिजापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. चावणारा प्राणी मारून सोबत नेण्याची आवश्यकता नाही. दुरून सहज घेता आले, तर भ्रमणध्वनीवरील छायाचित्र पुरते.