दुखणं कमी झालं, आजार वाढत गेला

माझ्या दादाची पाठ दुखायची. निवृत्तीनंतरही रोज टेकडी चढून येणारा माणूस, पण वाकून मोजे घालताना कळवळायचा. कुणाच्या तरी सांगण्यावरून तो संमोहनाच्या शिबिराला गेला. तिथल्या प्रशिक्षकाने ना रिपोर्ट मागितले, ना तपासण्या झाल्यात का हे विचारलं. "दुखणं मनात असतं, मनातूनच काढू," असं त्याने ठणकावून सांगितलं. आणि दुखणं खरोखरच कमी झालं! दादा रात्री झोपू लागला, वहिनीचा जीव भांड्यात पडला. रोज संध्याकाळी येणारी कणकण आणि सैल झालेले कपडे यांच्याकडे मग कुणाचं लक्ष गेलं नाही. पायातलं बळ जायला लागलं तेव्हा एमआरआय काढला. मणक्याचा टीबी निघाला. टीबीच्या गोळ्यांचा लांबलचक कोर्स झाला, जंतू गेले, पण दादा आज काठी घेऊन चालतो.

एवढं होऊनही मी संमोहनाच्या विरोधात लिहीत नाही, कारण पुढे मलाच त्याचा आधार मिळाला.

मला नागीण झाली. फोड सुकले, पण बरगडीखालची आग राहिली. ब्लाउजचं कापड टेकलं तरी अंगावर काटा यायचा. वेदनाशमन विभागातल्या डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या आणि जोडीला मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. संमोहन म्हटल्यावर मी उठूनच निघाले होते. बाईंनी बसवलं आणि माझी सगळी फाईल पानन् पान वाचली. निदान नक्की आहे, गोळ्या चालू आहेत, हे पाहूनच त्या पुढे गेल्या. "वेदना शून्यावर येईल असं मी म्हणणार नाही. तिचा जाच कमी करायला शिकू," त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं, शुद्ध हरपेल. तसं काही झालं नाही. बाहेरचा रिक्षाचा हॉर्न मला ऐकू येत होता. श्वास संथ केला, नजर एका जागी स्थिर केली, मग डोळे मिटले. उजवा हात विहिरीच्या गार पाण्यात बुडाला आहे, तो बधिर होतो आहे, अशा सूचना त्या हळू आवाजात देत राहिल्या. हात जड झाला, मग सुन्न. तोच हात बरगडीवर ठेवून ती बधिरता तिथे उतरू द्यायची. पुढे हे मी घरी स्वतःच करायला शिकले. आग पूर्ण गेली नाही, पण स्वयंपाक करताना तिचा विसर पडू लागला.

यात जादू नाही. १८४५ साली, क्लोरोफॉर्म यायच्या आधी, बंगालमधल्या हुगळीत जेम्स एस्डेल हा स्कॉटिश डॉक्टर संमोहनाशी नातं असलेल्या गुंगीत रुग्णांवर शस्त्रक्रिया करत होता. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांचे हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात ठेवून, वेदना कमी किंवा जास्त त्रासदायक वाटेल अशा सूचना संमोहनात दिल्या गेल्या. पाणी तेवढंच गरम होतं, तरी त्रासाची जाणीव ज्या भागाशी निगडित आहे तिथलं मेंदूचं काम बदललं. २००० साली १८ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा सुमारे ७५ टक्के लोकांना चांगला आराम पडल्याचं दिसलं. उरलेल्यांना फारसा फरक पडत नाही, आणि त्यात त्यांच्या इच्छाशक्तीचा दोष नसतो. दादाच्या शिबिरात मात्र ज्यांना गुण येईना त्यांना "तुमचा विश्वासच कमी" असं ऐकवलं जायचं. दुखण्याने आधीच खचलेल्या माणसाला असं बोलणं क्रूरपणाचं आहे.

दादाच्या आणि माझ्या अनुभवात जो फरक पडला तो सूचना देण्याच्या कसबामुळे पडला नाही. तिथेही सूचना लागू पडल्याच होत्या. इथे आधी निदान झालं, तिथे झालं नाही.

म्हणून ज्यांना संमोहन शिकून इतरांना मदत करायची आहे त्यांना कळकळीने सांगते: समोरच्याचं निदान झालं आहे का, हे पहिल्यांदा विचारा. झालं नसेल तर वेदनेला हात लावू नका. भास-भ्रम होणारा मानसिक आजार असेल तर मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय संमोहनाला बसवू नका. डॉक्टरांची गोळी तुम्ही बंद करायची नाही. नसांच्या दुखण्यावरच्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर त्याचा वेगळाच त्रास होतो. आणि जुन्या वेदनेत नवं काही मिसळलं, जागा बदलली, ठणका वाढला, तर सराव थांबवून माणसाला परत डॉक्टरांकडे पाठवा.

दुखणाऱ्यांनीही प्रमाणपत्रांच्या फ्रेमला भुलू नये. शिकवणारा मुळात डॉक्टर किंवा क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ आहे का, ते पाहा. "शंभर टक्के बरे करू" म्हणणाऱ्याकडून उठून या. पाठदुखीबरोबर ताप येत असेल, वजन उतरत असेल, पाय लटके पडत असतील किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर शिबिराचे पैसे भरले असले तरी आधी दवाखाना गाठा, आजच.