विडालने मला चकवलं

माझ्या मुलाला टायफॉईड दोनदा झाला, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत होते. झाला होता एकदाच. दुसरा मी केला, एका लॅबच्या कागदावरून.

आम्ही नालासोपारा पूर्वेला राहतो. नळाचं पाणी पुरत नाही म्हणून सोसायटीत टँकर येतो. तो कुठून भरतो हे कोणी विचारत नाही, आला याचाच आनंद. जुलैत आठ वर्षांच्या लेकाला ताप आला. रोज संध्याकाळी कालच्यापेक्षा जास्त चढायचा, पोट दुखायचं, जिभेवर पांढरा थर. सासूबाईंनी सगळा दोष स्टेशनबाहेरच्या पाणीपुरीवर टाकला. डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर पाठवलं. मला तेव्हा तो उशीर वाटला, कारण रिपोर्ट यायला तीन दिवस लागले. पण त्यात जंतूचं नाव स्पष्ट होतं, साल्मोनेला टायफी, आणि त्यावर कुठलं औषध चालेल तेही. औषध पूर्ण झालं, मुलगा बरा झाला, फाईल कपाटात गेली.

दसऱ्यानंतर पुन्हा ताप. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मी तर ताकालाच दूध समजले. डॉक्टरांकडे जायच्या आधी दुसऱ्याच दिवशी लॅबवाल्याला घरी बोलावून तापाचं अख्खं पॅकेज करून घेतलं. टायफॉईडची विडाल तपासणी पॉझिटिव्ह, एच १:३२०. झालं! जुनं प्रिस्क्रिप्शन काढलं, मेडिकलमधून त्याच गोळ्या आणल्या, दोन दिवस दिल्या. चौथ्या दिवशी मुलगा मलूल पडला, अंगावर लाल पुरळ. दवाखान्यात डेंग्यूची तपासणी पॉझिटिव्ह आली, प्लेटलेट्स घसरत होत्या. पाच दिवस ॲडमिट. मी डॉक्टरांना तो विडालचा कागद दाखवत राहिले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, ‘हा कागद आजचा आहे, पण यातली अँटिबॉडी आजची आहे का?’

फर्नांद विडाल या फ्रेंच डॉक्टरने १८९६ साली काढलेली ही तपासणी जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी तेवढ्या मोजते. त्यातल्या ‘ओ’ जंतूच्या अंगाविरुद्ध असतात, ‘एच’ त्याच्या शेपटीविरुद्ध. साधारण आठवड्याभराने ओ वाढू लागतात, मागोमाग एच. बरं झाल्यावर ओ काही महिन्यांत ओसरतात; एच मात्र कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात रेंगाळतात. शिवाय दुसऱ्याच कुठल्या तापाने, मलेरिया असो वा डेंग्यू, शरीर ढवळलं गेलं की या जुन्या अँटिबॉडी पुन्हा उसळी घेऊ शकतात. माझ्या मुलाच्या रक्तात जुलैचा टायफॉईड होता, ऑक्टोबरचा नव्हे. आपल्याकडे हा जंतू इतका फिरतो की धडधाकट माणसातही थोडा आकडा निघतो. आणि खरा टायफॉईड पहिल्या चार-पाच दिवसांत असताना विडाल निगेटिव्हही येऊ शकते. म्हणजे दोन्हीकडून फसगत.

म्हणून तापाच्या मुलाला लॅबच्या पॅकेजच्या स्वाधीन करू नका. टायफॉईडची शंका असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्यापूर्वी कल्चर होईल का, हे डॉक्टरांना विचारा. आधी गोळ्या दिल्या असतील तर लपवू नका, कारण मग कल्चरमध्ये जंतू वाढेलच असं नाही. कल्चरही प्रत्येक केस पकडत नाही, निगेटिव्ह आलं तरी निर्णय डॉक्टरांचाच. पूर्वी टायफॉईड झाला असेल तर ती तारीख आधी सांगा. मी ‘झाला होता’ एवढंच सांगायचे, कधी ते नाही. आणि जुन्या प्रिस्क्रिप्शनवर परस्पर गोळ्या आणू नका. हे वाक्य लिहितानाही मला लाज वाटते.

माझी दुसरी चूक याच्या अगदी उलट होती. एकदा होऊन गेला, अँटिबॉडी आहेत, मग लस कशाला? मात्र विडालमध्ये दिसणारा आकडा म्हणजे कवच नव्हे. टायफॉईड पुन्हा होतो. झाल्यावर येणारी प्रतिकारशक्ती अर्धवट असते, आयुष्यभराची नसते. डॉक्टरांनी बरा झाल्यावर महिना-दीड महिना जाऊ दिला आणि टायफॉईडची कॉन्जुगेट लस दिली, एकच डोस. ही लस जंतूच्या ‘व्हीआय’ नावाच्या बाह्य आवरणाविरुद्ध अँटिबॉडी तयार करते, ओ किंवा एच नाही. त्यामुळे पुढे विडालचा गोंधळ तिने वाढत नाही. तिचं संरक्षण किती टिकतं, हा माझा पहिला प्रश्न. मलावी देशातल्या मुलांवरच्या चाचणीत चार वर्षांनंतरही ते ७८ टक्क्यांच्या आसपास होतं. आणि आपल्या खाडीपलीकडच्या नवी मुंबईत २०१८ साली महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती दिली. सरकारी यंत्रणेतून ही लस देण्याची जगातली ती पहिली मोहीम. मला हे मुलगा दोनदा आजारी पडल्यावर कळलं.

लस झाली तरी मी पाणी उकळतेच. रोज चांगली उकळी फुटेपर्यंत, टँकरचं असो की नळाचं. सोसायटीच्या सभेत गच्चीवरची टाकी धुवायचा विषय मी काढला, तेव्हा सेक्रेटरी हसून म्हणाले, ‘वहिनी, तुमच्या मुलाला होऊन गेलाय ना, आता कसली काळजी?’ मी त्यांना गच्चीवर घेऊन गेले. टाकीचं झाकण जागेवर नव्हतं, आणि पाण्यावर कबुतराची दोन पिसं तरंगत होती.