लोईस आजी आणि माझ्या चार लिंका

आजचं वाचन : २ तीमथ्य १:३-७



तीमथ्याचा विश्वास आधी त्याच्या आजीत, लोईसमध्ये होता, मग आई युनीकेत, असं पौल लिहितो. बाप ग्रीक. म्हणजे लहानपणी शास्त्र शिकवलं ते बहुतेक या दोघींनीच. लोईसचं नाव अख्ख्या बायबलात इथे एकदाच येतं!

मला लक्ष्मीबाई डोंगरे आठवतात. गंगामूळच्या रानात त्या नवऱ्याकडून संस्कृत शिकल्या. बाईमाणसाने ते शिकणं तेव्हा समाजाला खपत नव्हतं. पुढे तीर्थयात्रेच्या भटकंतीत त्यांनी लेकीला शिकवलं. ना घर, ना शाळा. ती लेक म्हणजे पंडिता रमाबाई. ख्रिस्ती झाल्यावर केडगावला राहून त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं. आई तोवर केव्हाच दुष्काळात गेली होती. रमाबाईंनी १८८७ मध्ये आपलं इंग्रजी पुस्तक तिच्याच स्मृतीला अर्पण केलं.

आता माझं ऐका. मागच्या रविवारी वडशाला यूथ मीटिंगनंतर बारावीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, घरचे पुढे शिकवायला नाही म्हणतात. तुम्ही आईशी बोलाल का?"

मी स्कॉलरशिपच्या चार लिंका पाठवल्या अन् परतीची गाडी पकडली. तिने लिंक मागितलीच नव्हती.

आज स्टँडअप संपला की तिच्या आईला फोन करतेय. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. प्रार्थनेत आठवण ठेवा.