क्षेत्रांतर करणाऱ्या वैद्याचे परिचयपत्र

बी. ए. एम. एस. पदवी घेऊन दहा-पंधरा वर्षे चिकित्सा केल्यानंतर काही वैद्य अन्य क्षेत्रात जाऊ इच्छितात. दवाखान्याच्या जागेचे भाडे, मुलांचे शिक्षण, वृद्ध आईवडिलांची जबाबदारी अशी त्याची कारणे असतात. त्यात कमीपणा मानू नये. मात्र अशा वैद्यांच्या परिचयपत्रात, म्हणजेच बायोडेटात, पुष्कळदा दवाखान्याच्या फलकावरील मजकूरच उतरलेला आढळतो आणि योग्य उमेदवारही पहिल्याच चाळणीत गळतो.

एकाच द्रव्याचा स्वरस द्यावा, कल्क द्यावा की क्वाथ, हे आपण व्याधिबल व आतुरबल पाहून ठरवितो. अनुभवाचेही तसेच आहे. द्रव्य तेच राहते. कल्पना घेणाऱ्यास अनुरूप करावी लागते.

उदाहरणादाखल आरोग्य विम्याचे दावे तपासण्याचे काम घेऊ. येथे रुग्ण समोर नसतो, कागद असतात. निदान व उपचार यांचा मेळ, आंतररुग्ण म्हणून दाखल करण्याची आवश्यकता, व्याधी पॉलिसीपूर्वीची आहे काय, या गोष्टी पाहाव्या लागतात. विमा नियामक प्राधिकरणाच्या निर्देशांनुसार १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना अन्य उपचारांच्या बरोबरीने स्थान देणारे धोरण विमा कंपन्यांना आखावे लागले. त्यामुळे पंचकर्माची कागदपत्रे जाणकारीने वाचणाऱ्याचा उपयोग आहे.

या कामासाठी अर्ज करताना ‘जुनाट विकारांवर यशस्वी उपचार’ हे वाक्य निरुपयोगी ठरते. त्याऐवजी पुढील नमुना पाहावा : ‘बारा वर्षे स्वतंत्र व्यवसाय. दररोज सुमारे २५ रुग्णांची तपासणी व लेखी नोंद. तीन वर्षे रुग्णालयात निवासी वैद्यकीय अधिकारी. डिस्चार्ज कार्ड लिहिणे व विम्याची कागदपत्रे पूर्ण करणे.’ आकडे अर्थातच आपापले, नोंदवहीतून पडताळलेले असावेत.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. परिचयपत्र दोन पृष्ठांत आटोपावे. अलीकडील काम प्रथम, शालेय तपशील शेवटी.

२. पदवी व परिषदेकडील नोंदणी स्पष्ट लिहावी. अल्प मुदतीच्या प्रशिक्षणास पदवीचे रूप देऊ नये.

३. रुग्णाचे नाव वा ओळख पटेल असा तपशील कदापि देऊ नये.

४. क्षेत्र बदलण्याचे कारण एका वाक्यात सांगावे. व्यवसायाविषयीची तक्रार तेथे नको.

५. संगणक व भाषा यांविषयी जेवढे येते तेवढेच लिहावे. मुलाखतीत त्याचीच परीक्षा होते.

स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यास अनुभवपत्र कोण देणार, हा प्रश्न उरतो. नोंदणी प्रमाणपत्र आणि प्राप्तिकर विवरणपत्रे हा त्याचा आधार होय. त्याखेरीज ज्या औषधविक्रेत्याने वर्षानुवर्षे आपल्या चिठ्ठ्या हाताळल्या, त्याचे नाव अनुमतीने संदर्भासाठी देता येईल. आमच्या औषधालयचालक वाचकांना विनंती, की अशी विचारणा झाल्यास पाहिले तेवढे खरे सांगावे, पण सांगावे अवश्य. एखाद्या सहव्यावसायिकाचा संसार त्या दोन शब्दांनी सावरू शकतो.