संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम : यंत्रातील आणि क्लाउडवरील

जिल्ह्यातील पुष्कळ प्राथमिक शाळांतून आता संगणक आले आहेत. कोठे ते लोकवर्गणीतून आले, कोठे ग्रामपंचायतीच्या निधीतून, तर कोठे शासकीय योजनेतून. यंत्र सुरू करणे, मुलांस पाठ दाखविणे, यूडायस प्लसवर शाळेची माहिती भरणे ही कामे शिक्षकांच्या अंगवळणी पडली आहेत. तथापि, ‘आपण केलेले काम राहते कोठे?’ असे विचारले असता बहुधा ‘संगणकात’ एवढेच उत्तर मिळते. पूर्वी हे उत्तर बरोबर होते. आज ते प्रत्येक वेळी बरोबर असेलच असे नाही, आणि याचा परिणाम शाळेच्या दप्तरावर होत असल्यामुळे या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करणे अवश्य आहे.

आरंभी दोन अनुभव सांगतो. एका द्विशिक्षकी शाळेस भेट देण्यास गेलो असता नव्याने आलेल्या मुख्याध्यापिका बाई लॅपटॉपपुढे हताश होऊन बसलेल्या दिसल्या. खाते उघडल्यावाचून आत प्रवेश मिळू नये, अशा जातीचे ते यंत्र होते. खाते आधीच्या गुरुजींच्या नावे व त्यांच्याच मोबाइल क्रमांकावर उघडलेले होते आणि गुरुजींची बदली उन्हाळ्यात दुसऱ्या तालुक्यात झाली होती. पासवर्ड बदलावयाचा तर संकेतांक त्यांच्या फोनवर जावयाचा. आणि त्या दिवशी फोन लागेना. चार वर्षांची निकालपत्रके त्या खात्यात होती. संकेतांक मिळाला तो दुसऱ्या दिवशी. दरम्यान तालुक्यास पाठवावयाचे पत्रक बाईंनी हाताने लिहून काढले. दुसऱ्या एका शाळेत याच्या नेमके उलट घडले. तेथील सर्व काम यंत्रातच साठविलेले होते, खाते नाही की पासवर्ड नाही. पावसाळ्यात हार्ड डिस्क बिघडली आणि पाच वर्षांचे दप्तर एका सकाळी नाहीसे झाले. येथे फोन करून विचारावे असे कोणीच नव्हते.

या दोन्ही घटनांचे मूळ एकच आहे. यंत्राचा कारभार कोठून चालतो व काम कोठे साठते, हे त्या त्या शाळेत कोणी जाणून घेतले नव्हते.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारी मूळ प्रणाली. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर उमटविणे, छपाईयंत्रास कागद सोडावयास सांगणे, कोणत्या कार्यक्रमास किती स्मृती द्यावी हे ठरविणे, फाइल कोठे ठेवली याची नोंद राखणे ही तिची कामे होत. शाळेत मुख्याध्यापक जसे वर्ग वाटून देतात, घंटेची वेळ ठरवितात, कपाटाच्या किल्ल्या सांभाळतात, तशीच ही प्रणाली समजावी. विंडोज, लिनक्स, मॅक ओएस ही या प्रणालींची परिचित नावे. साधारणपणे ती यंत्राच्या डिस्कवरच बसविलेली असते. कार्यक्रम तेथेच, फाइलीही तेथेच. मुख्याध्यापक गावातच राहतात, असे हे झाले.

क्लाउडवर आधारलेल्या व्यवस्थेत कारभाराचा मोठा भाग दूरच्या यंत्रांकडे जातो. याचे दोन प्रकार शिक्षकांनी वेगळे ओळखावेत. पहिला प्रकार क्रोमबुकचा. गूगलने क्रोम ओएस ही प्रणाली 2009 साली जाहीर केली आणि 2011 च्या जूनमध्ये सॅमसंग व एसर या कंपन्यांची क्रोमबुके विक्रीस आली. तेथे बहुतेक काम ब्राउझरमधून चालते व फाइली गूगलच्या ड्राइव्हवर राहतात. दुसरा प्रकार त्याही पुढचा आहे. मायक्रोसॉफ्टने 2021 च्या ऑगस्टमध्ये विंडोज 365 ही सेवा सुरू केली. तीत संपूर्ण विंडोज कंपनीच्या यंत्रावर चालते आणि आपल्या पडद्यावर केवळ तिचे चित्र येते. आपण दाबलेली कळ दूर जाते व तिचा परिणाम परत येऊन दिसतो.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. क्रोमबुकमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम नसतेच, ती ‘वर’ असते, असे पुष्कळांस वाटते. हे खरे नव्हे. क्रोम ओएसचा गाभा लिनक्सचा आहे आणि तो यंत्रातच बसविलेला असतो. पडदा उजळणे, कळ ओळखणे, वायफाय शोधणे ही कामे कोणत्याही यंत्रास स्वतःच करावी लागतात. ती दुरून करता येत नाहीत. म्हणून ‘क्लाउड ऑपरेटिंग सिस्टीम’ हा शब्दप्रयोग काहीसा सैल आहे. यंत्रातील प्रणाली किती लहान ठेवली आणि किती काम बाहेर सोपविले, एवढाच काय तो प्रश्न.

ही कल्पना वाटते तितकी नवीही नाही. अमेरिकेतील एम्. आय्. टी. या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 साली एकाच मोठ्या संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत करून दाखविली. संगणक एक, त्यास जोडलेली टंकयंत्रे अनेक. पुढे यंत्रे स्वस्त झाली, 1981 साली आय्. बी. एम्. कंपनीचा वैयक्तिक संगणक आला आणि कारभार प्रत्येकाच्या टेबलावर उतरला. आता तो पुन्हा अंशतः दूर चालला आहे. टंकयंत्राच्या जागी लॅपटॉप आला एवढेच. जुन्या शिक्षकांस यात फळ्याकडून पाटीकडे आणि पाटीकडून पुन्हा फळ्याकडे जाण्यासारखे काही दिसले, तर ते अगदीच चूक नाही.

आणि ‘क्लाउड’ म्हणजे काय? अभियंते आकृतीत संगणकांचे जाळे दाखविताना ढगाचे चित्र काढीत, त्यावरून हे नाव पडले. प्रत्यक्षात ढग नाही. जमिनीवरील इमारती आहेत, त्यांत हजारो संगणक, त्यांना थंड ठेवणारी यंत्रे व अखंड वीज. मायक्रोसॉफ्टने 2015 साली भारतात जी केंद्रे सुरू केली, त्यांतील एक पुणे भागात आणि एक मुंबईत आहे. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र 2016 साली व गूगलचे 2017 साली सुरू झाले. मात्र शाळेची एखादी विशिष्ट फाइल याच केंद्रांत आहे असे समजू नये. ती कोठे ठेवावी हे सेवा देणारी कंपनी ठरविते.

आता खेड्यातील शाळेच्या दृष्टीने तुलना करू. क्लाउडचा मोठा गुण असा की यंत्र बिघडले तरी काम वाचते. क्रोमबुक मोडले, दुसरे आणले, खाते उघडले की फाइली जशाच्या तशा हजर. विषाणूंचा त्रास कमी, सुधारणा आपोआप होतात, यंत्रही हलके व साधे असून भागते. ज्या शाळेची डिस्क पावसाळ्यात गेली, तिला याचे मोल सांगावयास नको. परंतु या सर्व गोष्टी इंटरनेटच्या जोडणीवर अवलंबून आहेत. क्रोमबुकवर काही कामे जोडणीविना होतात हे खरे. त्याची तयारी मात्र जोडणी असताना करून ठेवावी लागते. विंडोज 365 सारख्या सेवेत तर जोडणी तुटताच काम थांबते.

जोडणीचा वेगही पाहिला पाहिजे. समजा, स्नेहसंमेलनाची 30 छायाचित्रे वर चढवावयाची आहेत व प्रत्येक छायाचित्र 3 मेगाबाइटचे आहे. एकूण 90 मेगाबाइट झाले. जोडणीचा वेग सेकंदास 1 मेगाबिट असेल, तर एका बाइटचे आठ बिट या हिशेबाने 720 सेकंद, म्हणजे 12 मिनिटे लागतील. आणि हा वेग न ढळता मिळाला तर. हेच काम पेन ड्राइव्हवर पाहता पाहता होते. (सातवीच्या मुलांस हे उदाहरण गणिताच्या तासालाही घालता येईल.)

दुसरी बाब मालकीची. दुसऱ्याच्या कोठारात धान्य ठेवले की कोठाराचे नियम त्याचे. शिक्षणसंस्थांना गूगलने पूर्वी अमर्याद साठवण दिली होती. 2021 साली ती मर्यादित केल्याचे जाहीर झाले व 2022 च्या जुलैपासून प्रत्येक संस्थेस सामाईक 100 टेराबाइटची सीमा लागू झाली. आपल्या शाळांस एवढी जागा लागणार नाही हे उघड आहे. पण ‘अमर्याद’ हा शब्द एका पत्रकाने मर्यादित होऊ शकतो, हे त्यावरून दिसते. त्याहून जवळची गोष्ट अशी की, दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक गूगल खाती डिसेंबर 2023 पासून काढून टाकली जाऊ लागली. बदली झालेल्या किंवा सेवानिवृत्त गुरुजींच्या नावे उघडलेले व पुढे कोणीच न उघडलेले खाते या नियमात सहज सापडते, आणि त्यासोबत शाळेची कागदपत्रेही.

यावर कोणी म्हणेल की आमच्या शाळेत साधे विंडोज आहे, आम्हांस याचे काय? तेथेही सीमारेषा पुसट झाली आहे. नव्या विंडोजमध्ये वनड्राइव्ह सुरू असल्यास डेस्कटॉपवर ठेवलेली फाइलसुद्धा मायक्रोसॉफ्टच्या साठवणीत जाऊ शकते. फाइलीच्या नावाजवळील चिन्ह पाहण्याची सवय ठेवावी. लहान ढगाचे चिन्ह असेल, तर फाइल यंत्रात नाही, जोडणीवाचून ती उघडणार नाही. हिरवी खूण असेल, तर तिची प्रत यंत्रात आहे. या विनामूल्य साठवणीची मर्यादा 5 गिगाबाइट आहे, तीही छायाचित्रांनी लवकर भरते.

जुन्या यंत्रांसंबंधी दोन शब्द. विंडोज 10 चा नियमित सुरक्षा-आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि शाळांतील पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. अशी यंत्रे अडगळीत टाकण्याचे कारण नाही. लिनक्सच्या उबुंटूसारख्या आवृत्त्या विनामूल्य मिळतात. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने 2007 साली आणलेली ‘बॉस’ ही प्रणालीही लिनक्सवर आधारलेली असून तीत मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. गूगलची क्रोम ओएस फ्लेक्स 2022 पासून जुन्या यंत्रांसाठी उपलब्ध आहे. तिला 4 गिगाबाइट स्मृती पुरते, आणि यंत्रात बसविण्यापूर्वी ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. केरळ राज्याने आपल्या शाळांसाठी लिनक्सची वेगळी आवृत्ती सिद्ध करून ती यंत्रांत बसविली आहे आणि 2017 पासून हे काम ‘काइट’ ही शासकीय संस्था पाहते. आपणांस हे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे.

माझे मत विचाराल तर, जेथे वीज व जोडणी बेभरवशाची आहे तेथे प्रणाली यंत्रातच असावी, रोजचे काम यंत्रातच व्हावे आणि क्लाउडचा उपयोग दुसरी प्रत ठेवण्यासाठी करावा. महिनाअखेरीस हजेरी व निकालाच्या फाइली एका पेन ड्राइव्हवर घेऊन तो कपाटात ठेवावा. खाते व्यक्तीच्या नावे न उघडता शाळेच्या नावे उघडावे, पासवर्ड परत मिळविण्यासाठी दोन क्रमांक नोंदवावेत आणि बदलीच्या वेळी कार्यभाराच्या यादीत जडसंग्रह नोंदवहीबरोबर या खात्याचीही नोंद करावी. मुलांची नावे, छायाचित्रे, आधार क्रमांक यांविषयी अधिक सावध असावे. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने बालकांच्या माहितीकडे विशेष लक्ष दिले आहे.

वर्गात हा पाठ कसा घ्यावा?

सातवीच्या वर्गासाठी एक तासिका पुरेल. प्रथम फळ्यावर दोन रकाने आखावेत : ‘जोडणी तोडल्यावर चालेल’ व ‘चालणार नाही’. चित्र काढण्याचा कार्यक्रम, पेन ड्राइव्हवरील कविता, डेस्कटॉपवरील निकालपत्रक, दीक्षावरील पाठ अशी पाच-सहा नावे सांगून मुलांकडून अंदाज घ्यावेत व ते रकान्यांत लिहावेत. नंतर मोबाइलचा हॉटस्पॉट बंद करून एकेक उघडून पाहावे. दीक्षावरील पाठाविषयी वाद होईल. तो होऊ द्यावा. आधी उतरवून ठेवलेला पाठ चालतो व न उतरवलेला चालत नाही, हे प्रत्यक्ष दिसले म्हणजे साठवण व जोडणी यांतील भेद व्याख्येवाचून कळतो. मुख्याध्यापकांचा दृष्टान्त वर दिला आहे, तो येथे सांगण्यास हरकत नाही; ओढ्यास पूर आला म्हणजे गावात राहणारे गुरुजी शाळेत येतात, तालुक्याहून येणारे अडकतात, एवढ्यापुरताच तो वापरावा. पाऊस पडल्यावर ढगातली माहिती भिजते काय, असे एखादे मूल हमखास विचारते. त्यास हसू नये. पुण्या-मुंबईच्या इमारतींची गोष्ट सांगण्याची ती उत्तम संधी आहे.

घरचा अभ्यास म्हणून मुलांनी घरातील फोन वडीलधाऱ्यांच्या परवानगीने एरोप्लेन मोडवर ठेवावा, गॅलरीतील जुनी दहा छायाचित्रे उघडावीत व किती स्पष्ट उघडली, किती अस्पष्टच राहिली हे वहीत लिहून आणावे. दुसऱ्या दिवशीच्या पाठाचा आरंभ त्या आकड्यांपासून करावा.