फरक नक्की कशाने पडला?

फिजिओथेरपीची पदवी हातात आली की घरात पहिली चर्चा सुरू होते ती जागेची. गाळा भाड्याने घ्यायचा की घरातलीच पुढची खोली मोकळी करायची? अशा वेळी मुलगी म्हणाली, ‘मला क्लिनिक नको, रिसर्च करायचाय’, तर आईवडिलांच्या पोटात गोळा येणारच. इतकी वर्षं शिकवलं, आता आणखी किती?

हिशोबाकडे येऊच. आधी हे संशोधन असतं कसलं ते बघू.

अर्धांगवायूचा झटका आलेला माणूस चार महिन्यांत काठी टेकत चालू लागतो. घरचे थेरपिस्टचे हात जोडून आभार मानतात. पण झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपणहूनही बराच सावरत असतो. मग यातलं श्रेय व्यायामाचं किती? इंटर्नशिपमध्ये ज्याला हा प्रश्न पडला आणि सिनिअरच्या ‘बरा झाला ना, मग झालं’ या उत्तराने ज्याचं समाधान झालं नाही, त्याने या वाटेचा विचार करावा. बाकीच्यांनी खुशाल क्लिनिक टाकावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

भारतातलंच एक उदाहरण घ्या. आपल्याकडे थेरपिस्ट कमी आणि रुग्ण दूरदूरच्या गावांत. मग घरच्यांनाच व्यायाम शिकवून पाठवलं तर? कल्पना इतकी सरळ, की कुणीही मान डोलवावी. 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर तिची चाचणी झाली. ‘अटेंड’ हे तिचं नाव. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याशिवाय कुटुंबाचं खास प्रशिक्षण. सहा महिन्यांनी पाहिलं, तर मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण दोन्ही गटांत सुमारे 47 टक्के. फरक नाहीच. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे सगळं जसंच्या तसं छापून आलं. झटक्यानंतर 24 तासांच्या आत रुग्णाला उठवून जास्त हालचाल करायला लावण्याच्या ‘अ‍ॅव्हर्ट’ चाचणीत (2015) तर उलटच दिसलं: लवकर आणि जास्त हालचाल केलेल्या गटाची स्थिती थोडी कमी चांगली होती.

माझ्या मते, पुनर्वसनाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात या दोन चाचण्या वाचायला द्याव्यात. आपल्याला मनापासून पटलेला उपचार आपणच तपासायचा आणि निकाल विरोधात गेला तरी लिहायचा, हीच या प्रशिक्षणातली अवघड गोष्ट. बाकी कामं शिकता येतात: किती रुग्ण लागतील ते काढणं, एथिक्स कमिटीची परवानगी, कुणाला कोणता उपचार मिळाला हे माहीत नसलेल्या माणसाकडून मोजमाप करून घेणं, आकडेशास्त्र. आणि फेरतपासणीला रुग्ण का आला नाही याचा माग काढणं. बहुतेकदा कारण वैद्यकीय नसतं. एसटीचं भाडं आणि सोबत येणाऱ्याची बुडणारी मजुरी असते.

आपल्याकडच्या एमपीटीएचच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या मास्टर्सच्या, प्रबंधात याची चव मिळते, पण बऱ्याचदा चवच. तीस रुग्ण, दोन गट, चार आठवडे आणि ‘दोन्ही उपचार उपयुक्त’. तेवढ्यावर पीएचडीचा निर्णय घेऊ नका. आधी एखाद्या चालू प्रकल्पात वर्षभर संशोधन सहायक म्हणून काम करा.

हे क्षेत्र फक्त फिजिओथेरपीचं नाही. 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. हाजी अलीला 1955 पासून भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे, वांद्र्याला वाचा-श्रवणाची अली यावर जंग संस्था. इंजिनिअरांनाही इथे दार उघडं आहे: बसलेल्या माणसाला स्वतःहून उभं राहता येईल अशी व्हीलचेअर आयआयटी मद्रासच्या केंद्रातून 2019 मध्ये बाहेर आली.

आता पालकांसाठी सर्वांत महत्त्वाचं. कॅनडातल्या ‘रिहॅबिलिटेशन सायन्स’च्या एमएस्सीला प्रवेश मिळाला म्हणजे तिथे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करता येईल, असं नाही. टोरांटो किंवा ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातली ही पदवी संशोधनाची आहे. रुग्ण तपासण्याचा परवाना वेगळा, त्यासाठी भारतातल्या पदवीची पडताळणी आणि परीक्षा वेगळी. अमेरिकेतली ‘डीपीटी’ नेमकी याच्या उलट: नावात डॉक्टर असलं तरी ती व्यवसायाची पदवी, संशोधनाची पीएचडी नव्हे. एजंट हा फरक सांगेलच असं नाही. शैक्षणिक कर्ज काढण्यापूर्वी मुलाला एवढंच विचारा: ही पदवी परवान्याची की संशोधनाची, आणि खर्च कोण करतंय? परदेशात संशोधनाच्या पदवीला गाईडच्या प्रकल्पातून किंवा विद्यापीठाकडून पैसे मिळण्याची शक्यता असते. तासिकांवर चालणाऱ्या मास्टर्सचा भार बहुधा घरावरच येतो.

भारतात यूजीसीची कनिष्ठ फेलोशिप 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे, पण पीएचडीच्या प्रत्येक जागेला फेलोशिप जोडलेली नसते. म्हणून प्रवेशाआधी स्टायपेंडचं लेखी विचारा. गाईडचं नाव मोठं आहे का यापेक्षा त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आज कुठे आहेत, हे त्या विद्यार्थ्यांनाच फोन करून विचारा. बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात.